एवढा कागद मोकळा कशाला?

आमच्या घरी लग्नपत्रिका आली की ती वाचत कुणीच नसे. ती तपासली जाई. आबा, म्हणजे माझे वडील, ओटीवरच्या झोपाळ्यावर बसत, कपाळावरचा चष्मा नाकावर घेत आणि उजव्या हाताचा अंगठा थेट पत्रिकेच्या तळाशी नेत. नवरा कोण, नवरी कोण, लग्न कुठे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. तळाशी निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक अशा नावांच्या रांगा असत. त्यांतून अंगठा हळूहळू सरकत जाई आणि स्वतःच्या नावावर येऊन थांबे. मग बघायचं ते हे, की नाव कितवं आहे, कुणाच्या वर आहे, कुणाच्या खाली आहे, आणि पुढे 'शेठ' लावलंय की नुसतंच टाकलंय. मनासारखं नसलं तर पत्रिका झोपाळ्याखाली जाई. "त्या बाल्याच्या खाली माजं नाव? अक्कल हाय का यांना?" आतून आई विचारी, "अवं, पन हलद कवा हाय, तेवडं तरी बगा." मग पत्रिका परत उचलावी लागे, कारण हळदीचा दिवस मंडपवाल्याच्या आणि बँडवाल्याच्या नावांच्या मधे कुठेतरी, भिंग लावून शोधावा इतक्या बारीक अक्षरांत दडलेला असे. एकदा तो आबांनी चुकीचाच सांगितला. आम्ही सगळी भावकी टेम्पो भरून, नटूनथटून, द्रोणागिरीकडच्या एका गावात हळदीला उतरलो, तर हळद आदल्या संध्याकाळीच झालेली. मांडवात भांडी घासणाऱ्या दोन बायका तेवढ्या होत्या. आबा परतीच्या वाटेवर काय म्हणाले असतील? "पत्रिकेत नाव मातर दुसऱ्या नंबरला होतं."

मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. आता पनवेलजवळ करंजाड्यात आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढतो आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एक मोठा चेहरा, त्याच्याभोवती तीसेक बारके चेहरे, सगळ्यांचे काळे चष्मे, लाल पार्श्वभूमीवर निळी अक्षरं, त्या अक्षरांना पिवळी कड, त्या कडेला परत सावली. मागचा रस्ता दिसत नाही, वळणारी रिक्षा दिसत नाही. रविवारी माझ्याकडे काही लोक येतात, डबे देणाऱ्या बायका, शिकवणी घेणारे, पापड-मसाले विकणारी एक जोडी. मोबाइलवर स्वतःची जाहिरात स्वतः करायची असते त्यांना, शिक्षण काही नसतं त्यातलं. मी त्यांना शिकवते. पहिल्याच दिवशी कुणीतरी मला आपलं काम दाखवतं आणि त्यात सहा प्रकारची अक्षरं, चार फुलं, एक गणपती आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेला फोन नंबर असतो. मी चिडते. ते हसतात, बाई तापट आहेत म्हणतात. तापट मी जन्मतः नव्हते. एका पत्रिकेनं झाले, ती ही गोष्ट.

आमचं गाव पनवेल आणि उरणच्या मधलं. खाडीला लागून आमची शेती होती, पलीकडे मिठागरं. मी शाळेत असताना जमिनी सरकारी कामासाठी गेल्या आणि घरात पैसा आला. कौलारू घर पाडून दोन मजली झालं, गुलाबी रंगाचं, जिन्याला स्टीलचे कठडे. आबा नारायणचे नारायणशेठ झाले. त्यांचा धाकटा भाऊ, आमचा दत्ताकाका, डंपर लावून राजकारणात शिरला आणि पांढऱ्या बुटांत फिरू लागला. बदलली नाही ती आई. तिचं नाव चांगुणा. गुलाबी घराच्या मागच्या दारी ती चूल पेटवायचीच. सकाळी जाग यायची ती तांदळाच्या भाकरीवर पडणाऱ्या तिच्या हाताच्या थापांनी, आणि मागोमाग भाजलेल्या सुकटीचा वास नव्या फरशांवरून वरच्या मजल्यापर्यंत चढायचा. काकाला तो आवडत नसे. "वयनी, बंगल्यात ऱ्हातो आपन आता." आई म्हणे, "बंगला नाक धरून बसलाय का, भावजी?" आणि आणखी मूठभर सुकट तव्यावर टाकी.

आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत भटजी फार उशिरा आले, त्याआधी लग्न लावायची ती धवलारीणच. हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, ती म्हणायची, आणि ती म्हणेल तेव्हाच पुढचं पाऊल पडायचं. आईचा आवाज गोड नव्हता. जाडा होता, थोडा फाटलेला, पण मैदानाच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या म्हातारीला शब्द न शब्द कळायचा. हळदीच्या धवल्यात ती आधी गावदेवीला बोलावणं करायची, मग घरातल्या एकेकाचं नाव घ्यायची. एक नाव, मग श्वास. तेवढ्यात बायका ते नाव झेलायच्या, ज्याचं नाव तो माणूस पुढे येऊन हळद लावायचा. मग दुसरं नाव. घाई नाही की गर्दी नाही. गावातल्या प्रत्येक लग्नात तिनं प्रत्येकाचं नाव असं घेतलं होतं. तिचं नाव मात्र कुठे छापलेलं नव्हतं. तिच्या लग्नाला पत्रिकाच नव्हती, सुपारी घेऊन घरोघर आमंत्रण गेलं होतं. सातबाऱ्यावर पुरुषांची नावं, घराच्या पाटीवर आबांचं आणि काकाचं.

माझं नाव वनिता. दहावीनंतर मी कॉलेजात नाव घातलं होतं, पण जीव रमत नव्हता, आणि गावातून पनवेलला येता-जाता मला एस्थरबाईंचं दुकान दिसलं. जुन्या पनवेलमधल्या एका गल्लीत, तळमजल्याला, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मागच्या खोलीत स्क्रीन प्रिंटिंगच्या चौकटी. एस्थरबाई आधी शाळेत चित्रकला शिकवायच्या. कोकणातल्या ज्यू घरातल्या, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. शुक्रवारी दिवस कलला की दुकानाला कुलूप ते थेट रविवारी उघडायचं, मग गिऱ्हाईक कितीही रडो. मुलगे दोन्ही इस्रायलला गेलेले आणि बाईंनाही बोलावत होते. मी त्यांच्याकडे टायपिंगला लागले. दुपारी त्या नारळाच्या दुधातली कढी आणि भात आणायच्या, मी भाकरी-सुकट, आणि एकमेकींच्या डब्यावर आमचा डोळा असायचा.

त्यांची शिकवण्याची रीत म्हणजे बोलणं कमी, खोडणं जास्त. मी पहिल्यांदा एका शिलाई क्लासचं पत्रक मांडलं, त्यात दर ओळीला वेगळं अक्षर घेतलं होतं, कॉम्प्युटरमध्ये होती म्हणून. बाईंनी ते छापलं, भिंतीला चिकटवलं, मला दारापर्यंत मागे नेलं आणि म्हणाल्या, "डोळे किलकिले कर. पापण्या मिटत आण. आता काय दिसतंय?"

"काही नाही. काळं काळं."

"मग लोकांनाही तेच दिसणार. कुणाला थांबून तुझं पत्रक वाचायची हौस नाही, वनिता. एकच गोष्ट मोठी कर. कुठली, ते आधी ठरव. सगळ्यांना मोठं केलंस, तर मोठं कुणीच राहत नाही."

असं एकेक. अक्षरं दोन तऱ्हांची पुरे, जास्त घेतलीस तर बाजार. ज्याचं ज्याच्याशी नातं ते जवळ ठेव. दिवस, वेळ आणि ठिकाण यांना वेगवेगळ्या गावी धाडू नकोस. सगळं मधोमध रचत बसू नकोस, एक कड धर आणि तिला चिकटून राहा. पांढऱ्यावर पिवळं लिहू नकोस, ते फक्त लिहिणाऱ्याला दिसतं. आणि कागद मोकळा सोडायला घाबरू नकोस, मजकुराला श्वास घ्यायला लागतो. हे शेवटचं त्या म्हणाल्या तेव्हा मला आईचा धवला आठवला, एक नाव आणि मग श्वास. मी ते बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "मग तुला घरी येतंच आहे की. इथे का चुकतेस?"

आजही माझ्या रविवारच्या मंडळींना मी एवढंच शिकवते. यापलीकडचं मलाही फारसं येत नाही.

तर ताईचं लग्न ठरलं. ताई माझ्याहून मोठी, शांत, उरणचा मुलगा, गॅसच्या प्लांटमध्ये नोकरीला. पत्रिका कुठे छापायची हा प्रश्नच नव्हता, घरची पोरगी छापखान्यात होती. त्या संध्याकाळी आई मागच्या दारी जवळा निवडत बसली होती. मी शेजारी बसले. ती वर न बघता म्हणाली, "वने, त्या पत्रिकेव माजं नाव टाकशील ना गो?"

मी म्हटलं, "टाकीन म्हंजे काय? आई हाईस तू नवरीची."

"तसं नाय. नीट टाकशील का? मना वाचता येल असं."

आईला अक्षरं यायची, पण एकेक जोडत, बोट ठेवून. तिनं आयुष्यात माझ्याकडे, किंवा माझ्या माहितीत कुणाकडेही, स्वतःसाठी काही मागितलं असेल तर ते हे. मी तिला शब्द दिला. ती परत जवळा निवडायला लागली, आणि निवडता निवडता गुणगुणायला लागली.

मी मन लावून मांडली ती पत्रिका. वर गावदेवीला एक ओळ. मधे ताईचं आणि मुलाचं नाव, मोठं. त्याखाली 'सौ. चांगुणा व श्री. नारायण यांची ज्येष्ठ कन्या', आईला वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरांत. मग हळद कधी, लग्न कधी, कुठे, एकाखाली एक, डाव्या कडेला धरून. खाली आग्रहाचं निमंत्रण, आबांचं आणि काकाचं नाव. चारी बाजूंना मोकळा कागद. बाईंनी भिंतीवर लावून डोळे किलकिले केले आणि एवढंच म्हणाल्या, "हं." त्यांच्या तोंडून 'हं' निघणं म्हणजे शाबासकी होती.

दुसऱ्या दिवशी आबा आणि दत्ताकाका दुकानात आले. काकानं नमुना हातात घेतला, उलटा करून मागे बघितलं, परत सुलटा केला.

"बाकीचं कुटं हाय?"

"एवढंच आहे."

"एवडीच? अगं, ही काय शोकसभेची पत्रिका हाय? एवडा कागद मोकला कशाला सोडलास? घरात कोन मेलंय का?"

मग तो खुर्ची ओढून बसला आणि नावं सांगू लागला. थोरले, धाकटे, चुलत, मावस, मामेकूळ, गावकीचे पंच, क्रिकेट संघाचे कॅप्टन, डंपर मालकांच्या संघटनेतले आजी-माजी. कैलासवासींचे आशीर्वाद वेगळे. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी आठ पोरं वेगळी, त्यांतलं एक अजून रांगत होतं. मी टाइप करत गेले, अक्षरं बारीक करत गेले. हळदीचा दिवस सरकत सरकत मंडपवाल्याच्या शेजारी जाऊन बसला. द्रोणागिरीचा तो रिकामा मांडव मला डोळ्यांसमोर दिसत होता. पण आईचं नाव मी हलू दिलं नाही. सगळं लहान केलं, तेवढं तसंच ठेवलं.

आणि मग काका खरं बोलला. साहेब यायला तयार झाले होते. साहेब म्हणजे तेव्हाचे तिथले मोठे पुढारी. त्यांची प्रमुख उपस्थिती टाकायची होती, फोटोसकट, फोटो वरच. नाकापेक्षा मोती जड, तो असा. नवरा-नवरीची नावं दोन बोटं खाली गेली. तरी बसेना. काकानं पडद्यावर बोट ठेवलं.

"हे काढ. वयनीचं."

मी म्हटलं, "का?"

"वयनी काय घरचीच हाय. तिला कोन वलकत नाय का? साहेबांना बरं वाटंल असं करायचं. नारायन यांची कन्या, बस. झाली लाइन."

मी आबांकडे बघितलं. आबा दुकानाच्या दाराशी उभे होते, रस्त्याकडे तोंड करून, जणू बाहेर काही फार महत्त्वाचं चाललंय. मी म्हटलं, "आबा, आईनं मागितलंय. तिनं स्वतः मागितलंय माझ्याकडे." ते वळले नाहीत. म्हणाले, "तिला काय कलतंय यातलं. काढ."

मी नाही म्हटलं. ओरडलेच. बाहेरचे लोक बघायला लागले. मी तो भरगच्च नमुना छापून काढला, भिंतीला लावला आणि आबांचा दंड धरून त्यांना दारापर्यंत मागे नेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असा हात लावला. "डोळे किलकिले करा, आबा. आणि सांगा काय दिसतंय ते." मला वाटत होतं, आता त्यांना कळेल. त्यांच्या थोरल्या लेकीच्या पत्रिकेत लेक दिसत नाही, बायको दिसत नाही, दिसतो तो एक परका माणूस मिशीला पीळ देऊन. मला वाटत होतं, बाईंची ही युक्ती कुणाचेही डोळे उघडेल.

आबांनी खरंच डोळे बारीक केले. निगुतीनं बघितलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"साहेब दिसतायत," ते म्हणाले. "झ्याक दिसतायत. मंग चांगलंच झालंय की."

तेव्हा मला जे समजलं, ते मला आजवर कुणी शिकवलेलं नाही. मी समजत होते, माझ्या माणसांना मांडणी कळत नाही. खोटं होतं ते. त्यांना ती माझ्यापेक्षा जास्त कळत होती. ज्याला मोठं करायचं त्याला त्यांनी मोठं केलं होतं आणि जिला पुसायचं तिला पुसलं होतं. पत्रिका कुरूप होती, पण चुकलेली नव्हती. आमचं घर जसं होतं तशीच होती ती.

मी एस्थरबाईंकडे वळले. बाईंनी माऊस हातात घेतला आणि आईचं नाव काढलं. "गिऱ्हाईक आहेत ते," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "छपाईच्या दुकानात बसून घर बदलत नाही, वनिता." बाईंवरच्या त्या रागाचं काय करावं हे मला अजून उमगलेलं नाही. त्यांनी मला पोटापाण्याला लावलं, हातात धंदा दिला, पुढे त्या इस्रायलला गेल्या तेव्हा स्क्रीनच्या चौकटीही मलाच देऊन गेल्या. तरी तो माऊसचा एक टक आवाज माझ्या कानातून जात नाही. घरी येऊन मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "ऱ्हाव दे, वने. माजं लगीन हाय, भांडन नको." तिच्यावरही चिडले. आईला सांगायचा धीर मात्र मला झाला नाही.

पत्रिका आल्या त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून. पहिली गावदेवीची, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावायचं काम आईचं. ओटीवर सगळे बसले होते. आईनं हात धुतले, पदर खोचला, पहिली पत्रिका मांडीवर घेतली आणि करंगळी ठेवून वाचायला लागली. वरून खाली. साहेबांवरून, नवरा-नवरीवरून, पंचांवरून, रांगणाऱ्या पोरावरून. तळाशी पोचली. परत वर गेली. मी तिच्या करंगळीकडे बघत होते. दुसऱ्यांदा तळाशी पोचल्यावर तिनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं नाही, आबांकडे बघितलं.

"यात मी कुटं हाय?"

काका हसला. "वयनी, तुमी आमच्या मनात हाव. कागदाव कशाला पायजे?"

आईनं कुंकवात बोट बुडवलं आणि पहिल्या पत्रिकेच्या कोपऱ्याला लावलं. मग दुसरीच्या. सगळी खोकी तिनं एकटीनं संपवली, मला हात लावू दिला नाही. जेवायच्या वेळी भाकऱ्या थापल्या, पण गुणगुणणं बंद होतं. ते लग्नापर्यंत बंदच राहिलं.

हळदीच्या संध्याकाळी मांडव भरला होता. वडे तळल्याचा आणि मटणाच्या मसाल्याचा वास, पोरांचा दंगा, कोपऱ्यात काकानं आणलेल्या डीजेचे पेटीएवढे काळे स्पीकर. नवरीच्या आईनं स्वतः धवला म्हणावा का यावर बायकांत कुजबुज झाली होती, पण गावात तोपर्यंत दुसरी धवलारीण राहिलीच नव्हती. आई पाटाजवळ येऊन बसली. ताईच्या हातापायांना पिवळं लागलं होतं. डीजेवाल्याला कुणीतरी दटावून गप्प केलं. आईनं डोळे मिटले आणि तो जाडा, फाटका आवाज उठला.

गावदेवीला बोलावणं झालं. वाडवडिलांना झालं. मग घरचे. रीत अशी की पहिलं नाव घरधन्याचं. आबा नवं धोतर नेसून, हळदीची वाटी हातात घेऊन, पुढे येऊन उभेच होते. आईनं ओळ उचलली, नावापर्यंत आणली आणि थांबली.

श्वास घेतला. नाव घेतलं नाही. जेवढा वेळ एका नावाला लागतो तेवढा वेळ ती गप्प राहिली. बायका ते झेलायला तोंड उघडून बसल्या होत्या, त्यांची तोंडं तशीच राहिली. मग तिनं पुढची ओळ घेतली, काकाच्या नावापर्यंत आणली, परत थांबली. परत तेवढाच वेळ. कुणीतरी खोकलं. वडे तळणारी बाई झारा हातात धरून मांडवाच्या तोंडाशी आली. साहेबांचं नाव तर धवल्यात नसतंच. आई पुढे गेली, माझ्या आजीचं नाव घेतलं, ताईच्या मावशीचं घेतलं, चुलत भावंडांचं घेतलं, माझं घेतलं. प्रत्येक नाव स्वच्छ, आणि मग श्वास. मी वाटी घेऊन पुढे गेले, ताईला हळद लावली. आबा तिथेच उभे होते. नाव घेतलं नव्हतं, म्हणून पुढे येता येत नव्हतं, आणि सगळं गाव बघत होतं, म्हणून मागेही जाता येत नव्हतं.

शेवटी तिनं स्वतःचं घेतलं. ही रीत नव्हती, धवलारीण स्वतःचं नाव घेत नाही. 'चांगुणा' म्हणाली, आणि कुणाला कळायच्या आत बायकांनी ते झेललं, सगळ्यांनी मिळून, मी ऐकलेल्या कुठल्याही नावापेक्षा मोठ्यानं. मग ती उठली, लेकीच्या गालाला हळद लावली आणि मागच्या दारी निघून गेली. काकानं डीजेवाल्याला खूण केली आणि स्पीकर गडगडले.

त्यानंतर आबांनी तिची माफी मागितली असं लिहायला मला आवडलं असतं. नाही मागितली. उलट जन्मभर सांगत राहिले, की हिनं भर मांडवात माझी अब्रू काढली. पत्रिकेचा विषय निघाला की म्हणत, तेवढ्या एका नावासाठी! मी म्हणे, तिनंही तुमचं तेवढं एकच नाव गाळलं होतं, आबा. मग ते जेवणावरून उठत. असं पुष्कळदा झालं. आता आबा नाहीत, आणि त्यांच्यावरचा माझा राग आहे तिथेच आहे.

आई गेल्या पावसाळ्यात गेली. तिसऱ्या दिवशी विधीसाठी मी परत गावात गेले तर नाक्यावर फ्लेक्स चढलेला. भावपूर्ण श्रद्धांजली. वर नव्या साहेबांचा फोटो, दोन्ही बाजूंना त्यांचे कार्यकर्ते, खाली 'शोकाकुल' म्हणून नावांची रांग, दत्ताकाकाच्या मुलाचं पहिलं, आणि मधे कुठेतरी पोस्टाच्या तिकिटाएवढी माझी आई. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून डोळे किलकिले केले. ती दिसली नाही.

मी पनवेलला परत आले आणि त्याच दिवशी स्वतः एक फलक करून घेतला. तेवढाच मोठा. पांढरा. मधे एकच शब्द, काळ्या ठसठशीत अक्षरांत, बोट ठेवून वाचणाऱ्यालाही लांबून वाचता येईल असा: चांगुणा. बाकी काही नाही. तो घेऊन गावात गेले, शिडी मागवली, आधीचा उतरवला, हा चढवला. काकाचा मुलगा मोटारसायकल लावून धावत आला. वाईट पोर नाही ते, पण बापाचंच. वर बघून म्हणाला, "ताई, एवढा कागद मोकला कशाला ठेवलास? खाली आमची नावं तरी टाकू."

"हात लावून तर बघ," मी म्हटलं. "ते सगळं तिचं आहे."